एकाच कढईतलं जेवण, दोन रक्तं

लोक मला पाहिलं की बाही खाली ओढतात. इतवाऱ्याच्या बाजारात मेथीची जुडी घ्यायला गेले तरी भाजीवाली हात पदराखाली घेते आणि म्हणते, "आज नको हं ताई, आज अशक्त वाटू राहिलं." अहो, मी काही पिशवीत सुई घेऊन फिरत नाही! पण खोटं कशाला बोलू, नजर जाते. लग्नात बाकीच्या बायका बांगड्या पाहतात, मी बांगड्यांच्या वरची शीर पाहते. एकेकीची शीर अशी ठसठशीत असते की डोळे मिटून सापडावी. आणि एखादी गोरीपान गुबगुबीत नवरी दिसली की मनात येतं, हिची शीर कुठे दडलीय कोण जाणे, हिचं रक्त काढायची वेळ आली तर माझी काही धडगत नाही.

बुऱ्हाणपुरातल्या एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढण्यात आणि तपासण्यात माझी उमर गेली. आता केस पांढरे झाले, पण सकाळी कुणी उपाशी पोटी दारात उभा दिसला नाही तर मलाच चहा गोड लागत नाही. हाताचं कसब सगळ्यांना दिसतं. पण या धंद्यातलं खरं कठीण काम म्हणजे पेशंटच्या पोटात काय गेलंय ते शोधून काढणं. कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी करायची तर रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं आम्ही सांगतो. सगळे मान हलवतात. सकाळी मी विचारते, "चहा घेतला?" "नाही." "बिस्कीट?" "छे!" "मग काहीच नाही?" "काहीच नाही. शेजारी पूजा होती, तिथला वाटीभर दराबा तेवढा. पण तो प्रसाद होता." आता रवा, साखर आणि तूप फेटून केलेला दराबा प्रसादाचा असला म्हणून रक्तात दिसायचा राहतो का? पण आमच्याकडे प्रसाद मोजत नाहीत, तसंच तूपही मोजत नाहीत. त्या तुपामुळेच ही सगळी हकीकत घडली.

हकीकत एका बाईच्या काळजाची आहे. पण तिथपर्यंत पोचायला तिच्या नवऱ्याच्या पोटावरून जावं लागतं, आणि ते पोट तेव्हा चांगलंच मोठं होतं.

भागवतभाऊ तुकईथडकडचे केळीवाले. शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासायला कैक वर्षांपासून आमच्याकडे येत. काउंटरपाशी आधी त्यांचं पोट यायचं, मग आवाज, मग ते स्वतः. मागून शेवंतावहिनी, त्यांची बायको, काडीसारखी बारीक, हातात नवऱ्याच्या रिपोर्टांची पिशवी. येताना भाऊ आम्हा सगळ्यांसाठी केळी आणत, आणि रक्त देऊन झालं की स्वतःच त्यातली निम्मी खात.

एकदा आले ते रिकाम्या हातानं. मी म्हटलं, "काय भाऊ, बाग बसली का?"

"बाग झकास हाय ताई. पण केळं बंद. केळं म्हणजे जहर."

माझ्या हातातला कापूस खाली पडला. ज्याच्या घरावर केळीनं मजला चढवला तो माणूस हे बोलत होता!

झालं असं की त्यांच्या इंदोरच्या पोरानं बापाचं पोट पाहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवले होते. कीटो. भाकरी बंद, भात बंद, साखर, बटाटा, केळं सगळं बंद. खायचं काय, तर तूप, लोणी, साय, पनीर, खोबरं, शेंगदाणे. वांग्याचं भरीत चालेल, पण त्याच्यावर तेल तरंगलं पाहिजे. म्हणजे पीठ आणि साखर सोडायची, शरीराला चरबीवर चालायला लावायचं. भाऊंना हे फारच पटलं. आयुष्यभर डॉक्टरांनी "तूप कमी करा" म्हटलेला माणूस, त्याला कुणीतरी "तूप वाढवा" म्हणणारा भेटला! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं.

भाऊ नुसते खाऊन थांबणारे नव्हते. केळीच्या मंडीत ट्रक भरत असताना हे तिथे उभं राहून केळ्यात किती साखर असते ते समजावू लागले. शेवटी त्यांचेच भाऊबंद हात जोडून म्हणाले, "भागवत, घरात काय खायचं ते खा बापा, इथं बोंबलू नको. दिल्लीचा व्यापारी ऐकू राहिला."

तर त्या दिवशी मी त्यांचं रक्त काढलं आणि मशीनमध्ये फिरवायला लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्ताची नळी जोरात फिरवली की लाल भाग तळाला बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी राहतं. तपासणी त्या पाण्याची होते. भाऊंच्या नळीत वर पाणी नव्हतंच. दूध होतं, आमच्या गवळ्याच्या दुधापेक्षा दाट.

मी बाहेर येऊन विचारलं, "भाऊ, खरं सांगा. सकाळी काय घेतलं?"

"आईशप्पथ काही नाही. काळा चहा."

"त्यात?"

"त्यात तूप. दोन मोठे चमचे."

"आणि मला सांगता काही नाही?"

"तूप म्हणजे काय खाणं हाय का ताई? व्हिडिओत बाई सांगते, तुपानं उपास मोडत नाही."

मी त्यांना आत नेलं आणि नळी दाखवली. म्हटलं, ती बाई काय म्हणते ते तिला ठाऊक, पण माझ्या नळीला तूप दिसतं. या दुधात ट्रायग्लिसराइड मोजून काही उपयोग नाही, आणि त्याच्या हिशेबानं निघणारे बाकीचे आकडेही चुकतात. उद्या या, फक्त पाणी पिऊन. भाऊ कुरकुरले, जाण्यायेण्यातच अख्खा दिवस जातो म्हणाले. वहिनी मागून हळूच बोलल्या, "मी म्हटलं होतं, तूप नका टाकू." "तुले काय समजते त्यातलं!" झालं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट मात्र खरंच पाहण्यासारखा आला. वजन उतरलेलं, शुगर उतरलेली. कोलेस्टेरॉलच्या तपासणीत मुख्य आकडे चार असतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, ते भाऊंचं धाडकन खाली आलं होतं. पीठसाखर सोडली की बहुतेकांचं येतं. एचडीएल, त्याला लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात, थोडं वर गेलं होतं. तेही ठीक. पण एलडीएल, जे वर्षानुवर्षं नसांच्या भिंतीत साचत जातं आणि एक दिवस हृदयाची वाट बंद करतं, तेसुद्धा वर गेलं होतं. त्यामुळे एकूण आकडाही वर. आमचे डॉक्टर, म्हणजे लॅबचे साहेब, शांत माणूस. म्हणाले, "भाऊ, शाबास. पीठ कमी केलंत ते तुम्हाला मानवलंय. पण एवढं तूप आणि साय नको. आणि शुगरवाल्या माणसानं एलडीएल असं ठेवू नये. हार्टच्या डॉक्टरांना दाखवा, ते कोलेस्टेरॉलची गोळी देतील."

गोळीचं नाव काढताच भाऊ पेटले. "बाकी सगळ्यात पास अन् एका विषयासाठी नापास? गोळ्या म्हणजे नुसता धंदा! मी गोळी घेणार नाही अन् कुणाले घेऊ देणार नाही."

आठवड्यानं सकाळी सकाळी पुन्हा हजर. या वेळी पिशवी त्यांच्या हातात होती आणि वहिनींना त्यांनी पुढे ढकललं होतं.

"ताई, हिचं रक्त काढा. जे मी खातो तेच ही खाते, एकाच कढईतलं. ही कधी शिंकलीसुद्धा नाही. हिचं कोलेस्टेरॉल बरोबर निघालं तर मानाल न, की तूप बेकसूर हाय?"

भाऊंनी साक्षीदार आणला होता! मी वहिनींना विचारलं, "तुम्हीपण भाकरी सोडली?"

"एकटीसाठी कोण पीठ दळून आणते ताई? हे खात नाहीत, पोरगा इंदोरले. मंग जे ह्यांच्यासाठी शिजते तेच मी खाते." आणि हसून म्हणाल्या, "मले काय झालं? मी तं चांगली हाय."

खुर्चीवर बसल्या तेव्हा पाहिलं, आधीच बारीक होत्या, आता मनगटाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. उपाशी आहात का, हे विचारायची गरजच पडली नाही. भाऊंनी वादाच्या जोशात सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि नवऱ्याच्या आधी घास घ्यायची सवय वहिनींना नव्हती. सुई टोचताना बहुतेक लोक तोंड फिरवतात. या मात्र नळीकडे टक लावून पाहत होत्या. "एवढ्यात पुरते का? अजून घ्या लागलं तं," म्हणाल्या. मला हसू आलं.

नळी फिरवून काढली आणि वर पाहिलं तर पाणी काचेसारखं नितळ. मी मनात म्हटलं, भाऊ जिंकले वाटतं! पण इथेच फसायला होतं. ट्रायग्लिसराइड फार असलं तर पाणी दुधासारखं दिसतं. एलडीएल कितीही चढलं तरी पाणी नितळच राहतं, डोळ्यांना काही कळत नाही. मशीननं आकडा दिला तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं. ज्याचे आकडे आधीच माहीत असतात तो नमुना लावून पाहिला, तो बरोबर आला. वहिनींचा पुन्हा लावला, तोच आकडा. इतक्या वर्षांत एवढं एलडीएल मी फार थोड्या लोकांचं पाहिलं होतं, आणि त्यांतले काही आता नाहीत. साहेबांकडे गेले. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "नवीन नमुना घ्या. पेशंटला बसवून ठेवा."

भाऊंना सांगितलं तर ते गरजले, "नळ्या बदलल्या! दुसऱ्या कुणाचं असंल!" मी त्यांच्यासमोर नळीवर नाव लिहिलं, त्यांच्यासमोर रक्त काढलं, आणि ते मशीनपाशी पहाऱ्याला उभे राहिले. आकडा तोच आला.

मग साहेबांनी वहिनींना विचारलं, "माहेरी कुणाला हार्टचा त्रास होता का?"

"हार्टचं माहीत नाही. माझा भाऊ खकनारच्या बाजारात उभ्या उभ्या गेला. चाळिशीसुद्धा नव्हती. बापही असाच, वावरात. लोक म्हणले, नजर लागली."

भाऊ खाली पाहत होते. म्हणाले, "तिच्या भावाले मीच खांदा दिला होता."

साहेबांनी त्यांना नीट समजावलं. हे खाणं सगळ्यांच्या रक्तात एकसारखं वागत नाही. कुणाचं एलडीएल जागचं हलत नाही, कुणाचं थोडं वाढतं, आणि काहींचं, त्यातही बारीक माणसांचं पुष्कळदा, एकदम उसळतं. वहिनींच्या बाबतीत माहेरचं रक्तही असावं. आधी किती होतं हे सांगता येत नाही, कारण आधी कधी तपासलंच नव्हतं. भाऊंची पिशवी त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टांनी फाटायला आली होती. वहिनींचा त्यात एकही कागद नव्हता. हे पाहून मला फार वाईट वाटलं. आमच्या लॅबच्या बाकावर नवऱ्याची पिशवी धरून बसलेल्या किती बायका माझ्यासमोरून गेल्या, देव जाणे.

हार्टच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, आणखी तपासण्या केल्या. सुदैवानं अजून वेळ होती. पण गोळी आजपासून, म्हणाल्या, आणि तूप, साय, खोबरं बंद. भाकरी, डाळ, पालेभाजी, थोडं शेंगदाण्याचं तेल. भाऊंनाही सांगितलं, पीठ कमी ठेवा, वजन उतरलंय ते चांगलं, पण तुपाची कढई उतरवा आणि गोळी तुम्हीही घ्या.

दोघं औषधं घेऊन परत आमच्याकडे आले. कशाला, तर तक्रार करायला. या वेळी तक्रार भाऊंची होती आणि आरोपी वहिनी.

"ताई, तुम्हीच सांगा हिले. गोळी घेत नाही म्हणते!"

वहिनी शांतपणे बाकावर बसल्या होत्या. "तुम्हीच म्हणले न, गोळ्या म्हणजे धंदा. पुऱ्या खकनारले सांगत फिरले. मंग मी कशी घेऊ?"

"ते माझ्यापुरतं होतं!"

"अन् भाकरीसाठी वेगळा घाट नाही घालणार मी. पीठ घरात आलं की तुम्ही खाणार. मी ओळखते न तुमाले. मंग शुगर चढंल. इतक्या वर्षांनी तुमची शुगर खाली आली. मी राहीन अशीच. मले कुठं दुखते?"

बघा, कशी असते बाई! नवऱ्याची शुगर वाढू नये म्हणून स्वतःचं हृदय पणाला लावून बसली होती, आणि ते इतक्या सहज की जणू शिळं खाऊन संपवते आहे. मला राग आला. मी म्हटलं, "वहिनी, दुखायला लागेल तेव्हा तुमच्या भावासारखं होईल. तेव्हा हे भाऊ कुणाच्या हातचं खातील?" त्या म्हणाल्या, "तं मंग करतील दुसरी." आणि बाकावरचे सगळे पेशंट हसले. भाऊ नाही हसले.

माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाचा चेहरा बदलला. भाऊंनी खिशातून स्वतःची गोळ्यांची पट्टी काढली. आमच्या माठातलं पाणी घेतलं. मंडीत, खकनारला, तुकईथडला, जिथे जातील तिथे गोळीच्या नावानं शिमगा करणाऱ्या माणसानं भरल्या लॅबमध्ये गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं आणि तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं.

"घेतली. पाहा. आता तू घे."

वहिनी बघत राहिल्या. मग त्यांनी पदर सावरला आणि हात पुढे केला.

पुढचं मला हप्त्याहप्त्यानं कळत गेलं, कारण भाऊंना आता व्हिडिओपेक्षा माझ्याशी बोलण्यात जास्त रस होता. "ताई, हिले वेगळी भाकरी करायले लाज वाटते म्हणते. तं मीच थापू राहिलो." मी म्हटलं, "तुम्ही? भाऊ, तुम्हाला जमते?" "जमते कुठं! तव्यावर टाकली की तिचे तीन तुकडे. ही म्हणते, तुकडे तं तुकडे, पोटात जाऊन एकच होते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण ताई, ज्वारीचा वास येते न, जीव जाते." डॉक्टरीणबाईंनी त्यांना अर्धी भाकरी चालेल म्हटलं होतं. पण भाऊ म्हणाले, "आपल्याले अर्धं जमत नाही. सुरू झाली की मंग थांबत नाही." ते बिनतुपाचं भरीत, डाळ आणि दही खात आणि समोर बायकोला भाकरी खाताना पाहत बसत. मंडीत केळ्याची बदनामीही बंद झाली. कुणी विचारलं तर आता म्हणायचे, "ज्याचं रक्त त्यानं तपासावं बापा, मले विचारू नका." त्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला वाटलं, हे पेपरात छापायला द्यावं.

मला मात्र तेव्हापासून एक सवय लागली. कुणी जिममधला पोरगा किंवा भाऊंसारखा कुणी मोबाइलवरचा डाएट घेऊन आला की मी रक्त काढता काढता विचारते, "घरात हे आणखी कोण खातं?" बहुतेक जण सांगतात, "कोणी नाही." मग थोडा विचार करतात आणि म्हणतात, "म्हणजे, बायको खाते."

काही महिन्यांनी वहिनींच्या फेरतपासणीचा दिवस आला. केळीची कटाई चालू होती, भाऊंना मंडी सोडता येईना. वहिनी एकट्या बसनं आल्या. एकट्या बुऱ्हाणपूरला आल्याचं त्यांना इतकं अप्रूप की रक्त देताना खिडकीबाहेर पाहत होत्या. मी म्हटलं, रिपोर्ट दुपारी मिळेल, तोवर बसा. बसल्या. डबा उघडला. त्यात भाकरीचे तुकडे आणि मेथी. मलाही दिली. भाकरी जाड होती आणि एका बाजूनं करपलेली.

दुपारी आकडा आला. मी दोनदा पाहिला आणि मग वहिनींना आत बोलावलं. एलडीएल निम्म्यावर आलं होतं. अजून उतरायला हवं होतं, पण निम्मं! मी त्यांना मिठीच मारणार होते, पण हातात ग्लोव्ज होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊ. हात मोकळे नव्हते म्हणून मी कोपरानं स्पीकर लावला.

"ताई, हिचा रिपोर्ट आला का? सकाळपासून कटाईत ध्यान नाही माझं."

"आला भाऊ. निम्म्यावर आलंय. चांगला रिपोर्ट आहे."

पलीकडून ट्रकचा हॉर्न, कुणाच्या तरी शिव्या, केळीचे घड मोजणाऱ्यांचा गलका. आणि मग त्या सगळ्या गोंगाटात तो आडदांड माणूस हुंदके देऊन रडायला लागला. रडता रडता बडबडत होता, "मीच घालत होतो तिच्या ताटात... मीच... ताई, तिले काही झालं असतं तं मी काय केलं असतं... पण हे तिले नका सांगू हं, मी असा रडलो म्हणून."

वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. भाऊ, त्या इथेच आहेत, असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"थांबा ताई," त्या हळूच म्हणाल्या. "जरा ऐकू द्या."